मोटारीच्या तेलाची गाळणी

मोटारगाडींत इंधन जळतें तें चाकें फिरावीं म्हणून, आणि वंगणाचें तेल खेळतें तें इंजिन टिकावें म्हणून. इंधनाचा हिशेब प्रत्येक मालक ठेवतो, कारण त्याचे पैसे रोज मोजावे लागतात. वंगणाच्या तेलाची आठवण मात्र बहुधा इंजिन खडखडूं लागल्यावर होते. म्हणूनच कीं काय, मोटारीचा इतिहास सांगणारे तिचा वेग, तिची अश्वशक्ति आणि तिची किंमत यांविषयीं पुष्कळ सांगतात. परंतु इंजिनांतील तेल स्वच्छ ठेवण्यासाठीं माणसानें गेल्या शंभर वर्षांत काय काय खटपट केली, याची वार्ता क्वचितच कोणाच्या कानीं पडते.

या खटपटींत एक मोठी चमत्कारिक गोष्ट दिसून येते. आज पिकअप गाडीला बाहेरून एक जादा गाळणी जोडण्याची सोय निघाली आहे. तिला ‘बायपास फिल्टर’ म्हणतात, आणि ती विकणारे तिला नवी सुधारणा म्हणून विकतात. वस्तुतः मोटारीला लागलेली अगदीं पहिली गाळणी याच जातीची होती. ती कां निघाली, पुढें मागें कां पडली आणि आतां पुन्हां कां आठवली, हें समजून घेतल्यावांचून ती गाडीला लावावी कीं लावूं नये याचा निर्णय नीट होणार नाहीं. ज्यांच्या घरीं मोटार केवळ हौसेसाठीं आहे त्यांना हा निर्णय चुकला तरी चालेल. ज्यांचा संसार एका इंजिनावर चालतो त्यांना तो चुकवून चालत नाहीं.

असे संसार पाहावयाचे असतील तर अक्कलकुव्यास जावें. सातपुड्याच्या पायथ्याशीं वसलेलें हें तालुक्याचें गांव. १९०६ सालीं खानदेशाचे दोन जिल्हे झाले तेव्हां हा मुलूख पश्चिम खानदेशांत गेला. पुढें त्याच जिल्ह्याला धुळें हें नांव मिळालें. आणि १ जुलै १९९८ रोजीं नंदुरबार हा स्वतंत्र जिल्हा झाल्यापासून अक्कलकुवा त्यांत आहे. काठीसारखीं मेवासी संस्थानें याच डोंगरांत होतीं. बऱ्हाणपुराहून अंकलेश्वरास जाणारा मोठा रस्ता या गांवावरून गुजराथेंत उतरतो, आणि दुसरा एक रस्ता देवगोईचा घाट चढून मोलगीकडे जातो. डोंगरांतला आमचूर, मोहाचीं फुलें, मोर आणि भगर खालीं यावयाची, आणि मीठ, कापड, सिमेंट, औषधें वर जावयाचीं, तीं याच वाटेनें. ऊसतोडीच्या हंगामांत गुजराथेंत जाणाऱ्या भिल्ल-पावरा कुटुंबांचे तांडेही याच रस्त्यांनीं बाहेर पडतात.

तापी खोऱ्याची रेल्वे १९०० च्या सुमारास नंदुरबारावरून गेली. पण रेल्वे मैदानांतच राहिली, डोंगराच्या वाट्याला बैलगाडीच आली. अक्कलकुव्याशेजारचें तळोदें हें त्या काळीं इमारती लाकडाच्या बाजाराबद्दल आणि मजबूत गाड्यांबद्दल खानदेशांत नांवाजलेलें होतें. बैलगाडीच्या आंसाला वंगण लागे, आणि तें वंगणाच्या नळकांड्यांत भरून गाडीखालीं टांगलेलें असे. त्या वंगणांत धूळ मिसळली, तर गाडीवान जुनें वंगण पुसून काढी व नवें भरी. आंस हळूं फिरत होता, आणि झिजला तर गांवचा सुतार-लोहार तो दुरुस्त करी. तेल गाळण्याचा प्रश्न गाडीवानाच्या स्वप्नांतही येण्याचें कारण नव्हतें.

मोटारीच्या आरंभीच्या काळांतही तो कोणाच्या डोक्यांत आला नाहीं, आणि त्याचें कारण मोठें सयुक्तिक होतें. पुष्कळ जुन्या इंजिनांत तेल थेंबथेंब आंत सोडीत; तें आपलें काम करून जळून किंवा गळून जाई. जें तेल परत यावयाचेंच नाहीं तें गाळावयाचें कशाला? पुढें तेल खालच्या चेंबरमध्यें सांठवून पुन्हां पुन्हां वापरण्याची पद्धत आली. १९०८ पासून १९२७ पर्यंत निघालेल्या फोर्डच्या सुप्रसिद्ध ‘मॉडेल टी’ गाडींत तेलाचा पंपदेखील नव्हता. फिरणारे भाग तेलांत बुडून जें तेल उडवीत, त्यावरच सर्व भिजावयाचें. अशा इंजिनांतलें तेल लवकर लवकर बदलणें, एवढाच मार्ग होता. नंतर इंजिनांचा वेग वाढला, त्यांतील दाब वाढला, आणि पंपानें तेल दाबून बेअरिंगपर्यंत पोंचविणें प्राप्त झालें. तेल फिरूं लागलें, आणि तेलाबरोबर घाणही फिरूं लागली. गाळणीची गरज उत्पन्न झाली ती येथें.

ही घाण कोणती? हवेबरोबर आंत शिरलेली धूळ, झिजलेल्या धातूचे कण, अर्धवट जळलेल्या इंधनाची काजळी, पाण्याचा अंश आणि तेल जुनें झाल्यानें बनणारा चिकट गाळ, असे तिचे मुख्य प्रकार आहेत. यांपैकीं धूळ आणि धातूचे कण सर्वांत घातक. इंजिन चालू असतां फिरणारा दांडा आणि त्याचें बेअरिंग एकमेकांना टेकत नाहींत. त्यांच्यामध्यें तेलाचा एक पातळ पापुद्रा असतो, आणि सारा भार तो पापुद्राच तोलून धरतो. त्याची जाडी मायक्रॉनांत मोजतात. एका मिलिमीटरचे हजार भाग केले तर त्यांतला एक भाग म्हणजे मायक्रॉन. माणसाचा केंस सुमारें सत्तर मायक्रॉन जाड असतो. तेलाचा हा पापुद्रा कांहीं ठिकाणीं दोन-चार मायक्रॉन, तर कांहीं ठिकाणीं त्याहूनही पातळ होतो. पापुद्र्याहून पुष्कळ लहान कण त्यांतून निसटून जातो. फार मोठा कण आंत शिरूंच शकत नाहीं. परंतु पापुद्र्याच्याच मापाचा किंवा त्याहून किंचित् मोठा कण दोन्ही पृष्ठभागांना एकदमच घांसतो, आणि कानशीप्रमाणें धातू खरवडून काढतो. खरवडलेल्या धातूचे नवे कण पुन्हां तेच काम करूं लागतात. डोळ्यांना दिसणारी घाण या मानानें निरुपद्रवी. न दिसणारी घाण हीच इंजिनाची खरी वैरीण होय.

या वैरिणीवर पहिला उपाय अर्नेस्ट स्वीटलंड या अमेरिकन संशोधकानें काढला. कारखान्यांतील द्रव पदार्थ गाळण्याच्या यंत्रांबद्दल त्याचें नांव आधींच झालें होतें. १९२३ च्या सुमारास त्यानें व त्याचा सहकारी जॉर्ज ग्रीनहॅल्ग यानें मोटारीच्या तेलासाठीं गाळणी तयार केली, आणि ‘शुद्ध तेल नंतर’ अशा अर्थाच्या तीन इंग्रजी शब्दांची मोडतोड करून तिला ‘प्युरोलेटर’ हें नांव दिलें. १९२४ सालीं वॉल्टर क्रायस्लर यानें आपल्या नांवाची पहिली सहा सिलिंडरांची गाडी बाजारांत आणली, तिला हवेची गाळणी होती आणि तेलाचीही होती. त्या काळच्या मध्यम किमतीच्या गाडीला ही अपूर्वाई होती.

आतां लक्षांत घेण्याजोगी गोष्ट ही, कीं या गाळणींतून सर्व तेल जात नसे. पंपानें दाबलेलें बहुतेक तेल न गाळतांच सरळ बेअरिंगकडे जाई. सुमारें दहावा हिस्सा, कधीं त्याहूनही कमी, एका बारीक नळीनें बाजूच्या डब्यांत शिरे, तेथें गाळला जाई, आणि पुन्हां चेंबरमध्यें पडे. मुख्य वाट सोडून बाजूनें जाणारी गाळणी, म्हणून ती ‘बायपास’. अशी अर्धवट योजना शहाण्या अभियंत्यांनीं कां केली असावी? त्याचें उत्तर भीतींत आहे, आणि ती भीति खोटी नव्हती. गाळणी जितकी बारीक तितकी ती प्रवाहाला अडवते, आणि घाण सांचत गेली कीं अधिकच अडवते. सर्व तेल अशा गाळणींतूनच जावयाचें ठरविलें, आणि ती एके दिवशीं तुंबली, तर बेअरिंगला तेल मिळणार नाहीं. घाणेरड्या तेलानें इंजिन काहीं महिन्यांत झिजेल. तेलावांचून तें काहीं मिनिटांत मरेल. तेव्हां थोडेंच गाळावें, पण बारीक गाळावें, आणि इंजिनाचा घास तोडूं नये, असा तो विचार होता.

थोडें थोडें गाळून सर्व तेल स्वच्छ होतें तरी कसें, असा प्रश्न साहजिक आहे. एक साधा हिशेब करून पाहूं. चेंबरमध्यें सहा लिटर तेल आहे आणि बाजूच्या गाळणींतून मिनिटाला एक लिटर जातें, असें धरलें, तर सहा मिनिटांत सहा लिटर तेल गाळलें जाईल हें खरें. पण गाळलेलें तेल न गाळलेल्यांत मिसळत असल्यामुळें कांहीं तेल दोनदां जाईल आणि कांहीं एकदांही जाणार नाहीं. गणितानें पाहतां सहा मिनिटांत सुमारें ६३ टक्के, आणि अर्ध्या तासांत ९९ टक्क्यांहून अधिक तेलाची गाळणींतून निदान एक फेरी होते. म्हणजे विहिरीच्या एका कोपऱ्यांत चाललेल्या उपशानें जसा सबंध विहिरीचा गाळ हळूंहळूं निघतो, तसेंच हें आहे. परंतु या हिशेबांतच त्या पद्धतीचें वैगुण्यही दिसतें. जो कण आतां, या क्षणीं, पंपांतून निघाला आहे तो दहांपैकीं नऊ वेळां सरळ बेअरिंगवरच जाणार. बाजूची गाळणी तेलाची संगत सुधारते. दारांत उभें राहून येणाऱ्या-जाणाऱ्याची झडती घेण्याचें काम ती करीत नाहीं.

हिंदुस्थानांत ही गाळणी अमेरिकन गाड्यांबरोबर आली. जनरल मोटर्स कंपनीनें १९२८ सालीं मुंबईस शिवडी येथें गाड्या जोडण्याचा कारखाना काढला, आणि शेव्हरोलेच्या मोटारी व लॉऱ्या तेथून देशभर जाऊं लागल्या. शेव्हरोलेच्या सहा सिलिंडरांच्या इंजिनाला त्या काळीं गाळणी सर्रास बसवून येत नसे. ज्याला हवी त्यानें ती जादा पैसे देऊन घ्यावी आणि बसवून घ्यावी. डबा इंजिनाच्या अंगाला पट्टीनें आवळावयाचा. तेलाचा दाब दाखविणाऱ्या नळीच्या जागीं एक फांटा काढून तेथून तेल डब्यांत न्यावयाचें, आणि दुसऱ्या नळीनें तें परत इंजिनांत सोडावयाचें, एवढेंच तें काम. म्हणजे गाडी घेतल्यावर बाहेरून गाळणी जोडण्याची जी पद्धत आज नवी वाटते, ती दुसऱ्या महायुद्धापूर्वीच मोटारींच्या जगांत रुळलेली होती.

महायुद्धानें या साध्या डब्याचें महत्त्व पटवून दिलें. पेट्रोलवर नियंत्रण आलें, आणि पुष्कळ बसगाड्यांच्या पाठीशीं लोणारी कोळशापासून गॅस तयार करणाऱ्या भट्ट्या लागल्या. या गॅसबरोबर राख आणि कोळशाची बारीक पूड इंजिनांत जाण्याचें भय नेहमींच असे, आणि गॅस नीट गाळला नाहीं तर सिलिंडर व रिंगा झपाट्यानें झिजत. याच युद्धांत जीप जन्मास आली. विलीज आणि फोर्ड या दोन कारखान्यांनीं मिळून सहा लाखांहून अधिक जीपगाड्या सैन्यासाठीं तयार केल्या. वाळवंटाच्या धुळींत आणि ब्रह्मदेशच्या चिखलांत चालावयाच्या या गाडीच्या इंजिनाला बायपास जातीची तेलाची गाळणी कारखान्यांतूनच बसविलेली असे, आणि हवा गाळण्यासाठीं तेलानें भरलेलें भांडें असे. सैन्याला परवडत नव्हती ती गोष्ट एकच, रणांगणावर बंद पडणारें इंजिन. आणि त्यासाठीं गाळणीचा खर्च कोणी जास्त मानला नाहीं.

युद्ध संपल्यावर हीच जीप मुंबईच्या उद्योगांत शिरली. २ ऑक्टोबर १९४५ रोजीं लुधियाना येथें ‘महिंद्र अँड महंमद’ ही पोलादाचा व्यापार करणारी कंपनी निघाली. जगदीशचंद्र व कैलाशचंद्र महिंद्र हे बंधू आणि मलिक गुलाम महंमद हे तिचे संस्थापक. फाळणीनंतर गुलाम महंमद पाकिस्तानांत गेले व त्या देशाचे पहिले अर्थमंत्री झाले. १९४८ सालीं कंपनीचें नांव ‘महिंद्र अँड महिंद्र’ असें झालें. १९४७ पासून या कंपनीनें मुंबईस माझगांव येथें विलीजच्या जीपगाड्या जोडण्यास आरंभ केला. त्याच सुमारास वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्स कंपनीनें कुर्ल्यास क्रायस्लरच्या परवान्यानें गाड्या तयार करण्याचें काम सुरू केलें. मोटारीला पहिली तेलाची गाळणी देणाऱ्यांत जिचें नांव अग्रभागीं, ती कंपनी आणि जिच्या गाळणीची परीक्षा युद्धांत झाली ती जीप, अशा दोन्ही परंपरा एकाच वेळीं एकाच शहरांत येऊन पोंचल्या, असें म्हणावयास हरकत नाहीं.

डोंगरी मुलखांत जीप गेली ती सरकारी कामाबरोबर. २ ऑक्टोबर १९५२ रोजीं देशांत समूहविकास योजनेस आरंभ झाला, आणि गटविकास अधिकारी म्हटला कीं त्याची जीप, असें समीकरणच होऊन बसलें. पुढें खासगी मालकांनीं जीप घेतल्या, आणि जेथें एस. टी. दिवसांतून एकदोनदां जाते तेथें त्या उतारूंची ने-आण करूं लागल्या. सातपुड्याच्या पायथ्याचीं गांवें याला अपवाद नव्हतीं. जीपच्या जागीं आज बव्हंशीं पिकअप आली आहे. पण तिचें काम तेंच आहे. उन्हाळ्यांत काळ्या मातीची पिठासारखी धूळ, पावसाळ्यांत चिखल, घाटांत पहिल्या-दुसऱ्या गिअरवर भरल्या गाडीची चढण, बाजाराच्या दिवशीं ओझें, आणि मधल्या मधल्या थांब्यांवर इंजिन चालूच. जाणत्या मिस्त्रीला विचारलें तर तेलाला सर्वांत जाचक अशी राहणी हीच, असें तो सांगेल.

मात्र जीप आणि पिकअप यांच्या दरम्यान गाळणीच्या योजनेंत मोठी उलथापालथ झाली. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या दशकांत मोटारीच्या कारखानदारांनीं बाजूची गाळणी सोडली आणि पूर्ण प्रवाहाची गाळणी घेतली. या योजनेंत पंपांतून निघालेलें सर्व तेल आधीं गाळणींतून जातें, मग बेअरिंगकडे. तुंबण्याचें जें भय पूर्वी होतें त्यावर दोन उपाय निघाले. एक, घडी घातलेला कागद वापरून थोड्या जागेंत गाळणीचा विस्तार पुष्कळ वाढविला. दुसरा, गाळणीला एक झडप ठेवली. गाळणी तुंबली किंवा थंडींत तेल घट्ट झालें, कीं ही झडप आपोआप उघडते, आणि तेल न गाळतां पुढें जातें. या झडपेलाही ‘बायपास’च म्हणतात, त्यामुळें गॅरेजमध्यें पुष्कळदां घोटाळा होतो. बायपासची झडप तेल गाळणीवांचून सोडते. बायपासचा फिल्टर तेल अधिक बारीक गाळतो. नांव एक असलें तरी दोघांचीं कामें परस्परांच्या उलट आहेत.

पूर्ण प्रवाहाच्या गाळणीनें मोठा फायदा झाला, आणि तिनें जुन्या गाळणीला हटविलें यांत अन्याय कांहींच नव्हता. तरीपण या लाभाला किंमत होती. सर्व तेल वेगानें जावयाचें म्हणजे छिद्रें फार बारीक ठेवतां येत नाहींत. सामान्यतः वीस ते चाळीस मायक्रॉनांचे कण ही गाळणी नीट पकडते. त्याहून लहान कणांपैकीं पुष्कळसे तिच्यांतून निसटतात. हेच लहान कण किती झीज करतात याचा अंदाज १९८८ सालीं जनरल मोटर्सच्या अभियंत्यांनीं प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांवरून येतो. चाळीस मायक्रॉनांच्या गाळणीच्या मानानें तीस मायक्रॉनांच्या गाळणीनें इंजिनाची झीज निम्म्यानें आणि पंधरा मायक्रॉनांच्या गाळणीनें सुमारें ७० टक्क्यांनीं घटली, असें त्यांना आढळलें. हे प्रयोग मुद्दाम धूळ मिसळून केलेले होते, तेव्हां रोजच्या गाडींत हाच आंकडा जसाच्या तसा येईल असें समजूं नये. परंतु दिशा कोणती हें त्यावरून निःसंशय कळतें.

ज्यांना इंजिन वर्षानुवर्षें चालवावयाचें होतें त्यांनीं म्हणूनच दोन्ही गाळण्या ठेवल्या. मोठ्या डिझेल इंजिनांत पूर्ण प्रवाहाच्या गाळणीबरोबर बाजूची गाळणी ठेवण्याची रीत कधींच संपली नाहीं. १९६२ सालीं पुण्यास स्थापन झालेल्या किर्लोस्कर कमिन्स कंपनीच्या घराण्यांतील मोठीं इंजिनें याचें उदाहरण होत. पहिली गाळणी येणाऱ्याची झडती घेते. दुसरी सावकाश, पण कसोशीनें घर झाडते. एकीनें दुसरीचें काम होत नाहीं, ही गोष्ट जड इंजिनें बनविणाऱ्यांना पुरती ठाऊक होती. लहान गाड्यांत मात्र खर्चाच्या आणि जागेच्या दृष्टीनें दुसरी गाळणी वगळली गेली.

पिकअप गाड्या डिझेलवर चालूं लागल्या तेव्हां ही उणीव पुन्हां जाणवूं लागली. डिझेलचें तेल थोड्याच दिवसांत काळें पडतें, तें काजळीमुळें. काजळीचे मूळ कण एका मायक्रॉनाहूनही पुष्कळ लहान असतात, आणि तेलांत घातलेलीं रसायनें त्यांना एकत्र येऊं न देतां तरंगत ठेवतात. म्हणून तेल काळें झालें एवढ्यावरून तें वाईट झालें असें होत नाहीं. रसायनें आपलें काम करीत आहेत याचीच ती खूण असते. परंतु रसायनांची शक्ति संपली कीं काजळीच्या गुठळ्या होतात, तेल दाट होतें, आणि झीज वाढते. १ एप्रिल २०२० पासून देशांत भारत-सहा हे धुराचे निर्बंध लागू झाले. धूर कमी करण्यासाठीं आधुनिक डिझेल इंजिनांत जळलेला वायू अंशतः पुन्हां सिलिंडरमध्यें सोडतात, त्यामुळें तेलांतली काजळी वाढूं शकते. आणि धुराची जाळी साफ करण्यासाठीं जें जादा डिझेल सोडलें जातें त्याचा कांहीं अंश तेलांत उतरून तें पातळ होऊं शकतें. हवा स्वच्छ झाली, पण तेलावरचा बोजा वाढला.

अशा परिस्थितींत मालकानें पिकअपला बाजूची गाळणी जोडून घेण्याचें मनांत आणलें, तर तें काम मुळांत अवघड नाहीं, पण निष्काळजीपणानें करण्याजोगेंही नाहीं. तेलाच्या दाबाचा स्विच जेथें बसतो तेथें टी-जोड देऊन एक फांटा काढतात. त्या फांट्यांत एक-दीड मिलिमीटरचें बारीक भोंक असलेला अडसर असणें अत्यंत आवश्यक आहे. तो नसेल तर तेल सोप्या वाटेनें डब्याकडे धांवेल, आणि इंजिन गरम होऊन संथ चालत असतां बेअरिंगवरचा दाब पडेल. डबा चासीला पक्का आवळावा, सायलेन्सरपासून दूर असावा, आणि गाळणी बदलतां यावी अशा जागीं असावा. होज पाईप तेलाचा, उष्णतेचा आणि दाबाचा सोसणारा घ्यावा. पत्र्याच्या कडेवर तो घासूं देऊं नये. परतीचें तेल चेंबरच्या झांकणावाटे किंवा वर तेल घालण्याच्या झांकणावाटे आंत सोडतात. डब्यांत जेवढें तेल मावतें तेवढें वाढवावें लागतें. म्हणून इंजिन थोडें चालवून, बंद करून, पट्टीवर तेलाची पातळी पाहावी, आणि प्रत्येक जोड हातानें चांचपावा. नव्या गाडीच्या बाबतींत कंपनीच्या हमीला यामुळें बाध येतो कीं काय, हें आधींच विचारून घ्यावें.

हे नियम क्षुल्लक वाटतील. पण देवगोईच्या घाटांत एक होज फाटला तर गाडींतलें सर्व तेल काहीं मिनिटांत रस्त्यावर सांडेल, आणि जी गाळणी इंजिन वांचविण्यासाठीं लावली तिनेंच त्याचा घात केला असें होईल. स्वीटलंडच्या पिढींतल्या अभियंत्यांना गाळणी तुंबण्याची जी धास्ती होती, तिचेंच हें आजचें रूप आहे. जोड वाढला कीं धोक्याची जागा वाढते, हा नियम शंभर वर्षांत बदललेला नाहीं.

दुसरा धोका होजमध्यें नसून समजुतींत आहे. बाजूची गाळणी लावली म्हणजे तेल बदलावयास नको, असें पुष्कळांना सांगितलें जातें. अमेरिकेंतील आयडाहो राष्ट्रीय प्रयोगशाळेनें २००२ पासून कांहीं वर्षें आपल्या अकरा डिझेल बसगाड्यांवर अशा गाळण्या लावून पाहिल्या, आणि तेल बदलण्याचे प्रसंग खरोखरच फार कमी झाले. परंतु त्या प्रयोगांत तेल किती मैल चाललें एवढेंच पाहून निर्णय घेतलेला नव्हता. तेलाचे नमुने वेळोवेळीं तपासून, तें अजून कामाचें आहे असें ठरल्यावरच तें पुढें वापरलें. हा भाग वगळून उरलेला भाग सांगणें म्हणजे अर्धें सत्य सांगणें होय. गाळणी कण पकडते. तेलांत मिसळलेलें डिझेल ती वेगळें करूं शकत नाहीं, तेलांत वाढलेली आम्लता ती घालवूं शकत नाहीं, आणि संपलेलीं रसायनें तर ती परत आणूंच शकत नाहीं. ज्याच्याजवळ तेल तपासून घेण्याची सोय नाहीं, त्यानें तेल बदलण्याची मुदत वाढवूं नये हेंच शहाणपण.

मग अक्कलकुव्याच्या पिकअपवाल्यानें काय करावें? पहिलें लक्ष हवेच्या गाळणीकडे द्यावें, कारण धूळ तेलांत येते ती बहुतांशीं हवेच्या वाटेनें. दाराशींच अडविलेली धूळ आंतून काढण्यापेक्षां केव्हांही स्वस्त पडते. दुसरें, चांगल्या जातीचें तेल आणि खात्रीचा फिल्टर कंपनीनें सांगितलेल्या मुदतींत, आणि घाटांत व धुळींत चालणाऱ्या गाडीला कंपनीनें वेगळी मुदत सांगितली असेल तर त्या मुदतींत, बदलावा. हीं दोन कामें नीट होत असतील, गाडी पुष्कळ वर्षें ठेवावयाची असेल आणि बसविणारा मिस्त्री जाणता असेल, तर बाजूची गाळणी जोडण्यांत अर्थ आहे. त्यापासून मिळणारा लाभ तेलाच्या खर्चांत शोधूं नये. तो शोधावा इंजिन किती वर्षांनीं खोलावें लागतें यांत. तेल बदलण्याचा खर्च एका बाजारदिवसाच्या कमाईंत भागतो. इंजिन बांधून घेण्याचा खर्च अनेक महिन्यांची मिळकत खातो, आणि तितके दिवस गाडी उभी राहते ती वेगळीच. डोंगरांत गाडी उभी राहिली, तर आजारी माणूस खालीं येत नाहीं आणि शेतांतला माल बाजाराला पोंचत नाहीं.

बदललेल्या काळ्या तेलाचाही विचार येथेंच केला पाहिजे. तें नाल्यांत ओतलें तर पाण्याबरोबर दूरवर जातें आणि विहिरींत उतरतें. वापरलेलें तेल हा धोकादायक टाकाऊ माल आहे, असें कायदा मानतो. तें जमवून अधिकृत खरेदीदाराकडे देणें हेंच योग्य. इंजिनांतून काढलेली घाण गांवाच्या पाण्यांत सोडली, तर ती साफ केली असें म्हणतां येणार नाहीं.

१९२३ सालीं निघालेली कल्पना शंभर वर्षें कां टिकली, याचें उत्तर तिच्या मर्यादेंतच आहे. थोडें घ्यावें, सावकाश घ्यावें, पण नीट करावें, एवढेंच ती सांगत होती. तिला एकटीला सर्व भार पेलला नाहीं, म्हणून दुसरी गाळणी आली; दुसरीला बारीक काम साधलें नाहीं, म्हणून पहिलीची पुन्हां आठवण झाली. दोघींना आपापलें काम नेमून दिलें, आणि त्या दोघींवर एका दक्ष माणसाची नजर राहिली, तर इंजिन आपलें आयुष्य पुरतें भोगतें. तीं दोन्ही कामें यंत्राकडे देतां येतात. पट्टी ओढून तेल पाहण्याचें काम अद्यापि माणसाकडेच आहे.